बाकी वेगळी, थकबाकी वेगळी : गटाच्या आलेखासाठी मदत कशी मागायची?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, वाचकांसाठी)

 

आज आपण गटाच्या हिशेबाच्या आलेखाबद्दल बोलणार आहोत. आलेख म्हणजे ते उभे खांब, चढत्या-उतरत्या रेघा, ज्याला पोरं चार्ट म्हणतात. बऱ्याच गटांचा हिशेब आता वहीबरोबर मोबाइलमधल्या किंवा संगणकातल्या शीटवरही लिहिला जातो. कुणी गूगल शीट्स वापरतं, कुणी एक्सेल. आकडे भरले, वरचं बटण दाबलं की आलेख येतो. तो दिसायला सुंदरही असतो. पण जे विचारायचं होतं त्याचं उत्तर त्यात असतं का? बऱ्याचदा नसतं. मग आपण कुणाला तरी म्हणतो, "दादा, चार्ट बरोबर येत नाही, बघा ना जरा." दादा बघतो, रंग बदलून देतो, आणि आलेख होता तसाच चुकीचा राहतो.

चूक रंगात नसते. आपल्या गटाचा नियम त्या शीटला कुणी सांगितलेलाच नसतो. तो नियम शीटला कसा सांगायचा, त्यासाठी मदत कुणाकडे, कशी मागायची आणि मिळालेली मदत बरोबर आहे की नाही हे कसं तपासायचं, एवढं आज पाहू. कागद-पेन्सिल जवळ घ्या, थोडं गणित आहे. पण ते आपलंच आहे, रोजचं.

आलेख आला कुठून

आकडे खांबांनी आणि रेघांनी दाखवायची पद्धत तशी जुनी आहे. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसाने १७८६ साली व्यापाराचे आकडे असे चित्रातून दाखवणारं पुस्तक काढलं. संगणकावरची शीट त्या मानाने अलीकडची. १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 'व्हिसीकॅल्क' नावाची शीट बाजारात आणली. एका घरातला आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलतात, ही तिची खरी कमाल. ज्या ताईंनी वर्षाअखेरी खोडरबर घेऊन बेरजा जुळवल्या आहेत त्यांना या गोष्टीची किंमत वेगळी सांगायला नको.

बचत गटांचं नातं बँकेशी जोडायचा प्रयोग नाबार्डने १९९२ साली सुरू केला. पुढे २०१५ साली नाबार्डनेच 'ई-शक्ती' या नावाने गटांचे हिशेब संगणकावर आणायला घेतले, तेव्हा पहिल्या दोन जिल्ह्यांत झारखंडमधलं रामगढ होतं आणि आपल्या महाराष्ट्रातलं धुळे होतं. आता उमेदच्या गटांच्या नोंदी 'लोकॉस' या अॅपवर होतात. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. ती अधिकृत नोंद आहे, ती तशीच चालू ठेवायची. आज मी सांगतेय ती शीट आपल्या बैठकीसाठी, आपल्याला आपला गट समजावा म्हणून.

चार बायांचा हिशेब

आता मुद्द्यावर येऊ. समजा एका गटात चार जणींनी जून महिन्यात कर्ज घेतलं. आज नोव्हेंबरची बैठक आहे. म्हणजे जुलै ते नोव्हेंबर असे पाच महिने झाले. इथे फक्त मुद्दल बघू, व्याज बाजूला ठेवू.

पहिलीने १२,००० रुपये घेतले, महिना १,००० रुपये फेडायचं ठरलं. तिने पाचही हप्ते दिले, ५,००० रुपये. बाकी राहिली ७,०००.

दुसरीने ६,००० घेतले, हप्ता ५००. पाच महिन्यांत २,५०० यायला हवे होते, आले १,०००. बाकी ५,०००.

तिसरीने हळदीच्या लागवडीसाठी १०,००० घेतले. हळद निघून, शिजून, वाळून, मोंढ्यावर जाऊन पैसा हातात यायला एप्रिल उजाडतो. म्हणून गटाने ठरावच केला की दहा महिन्यांनी, एप्रिलमध्ये, तिने सगळं मुद्दल एकदम द्यायचं. आजपर्यंत तिने काही दिलं नाही, द्यायचंही नव्हतं. बाकी १०,०००.

चौथीने ३,००० घेतले, हप्ता ३००. पाच महिन्यांचे १,५०० होतात. तिच्याकडे शिलाईचे पैसे आले म्हणून तिने २,००० भरले. बाकी १,०००.

शीटला सांगितलं की "कर्ज वजा भरलेले" याचा आलेख काढ, तर चार खांब येतील : ७,०००, ५,०००, १०,००० आणि १,०००. सगळ्यात उंच खांब हळदवालीचा, त्यानंतर पहिलीचा. बैठकीत हा आलेख भिंतीवर लावला तर बायांच्या नजरा कुणाकडे जातील? जिने एकही हप्ता चुकवला नाही तिच्याकडे, आणि जिचं देणं अजून आलेलंच नाही तिच्याकडे. दुसरी मात्र मधल्या खांबात लपून जाईल.

कारण आपण आलेख 'बाकी'चा काढला. आपल्याला हवी होती 'थकबाकी'. बाकी म्हणजे अजून किती फेडायचं आहे. थकबाकी म्हणजे आजपर्यंत किती यायला हवं होतं आणि आलं नाही. या दोन शब्दांतला फरक आपल्याला माहीत आहे, शीटला माहीत नाही. थकबाकीचा आलेख काढला तर एकच खांब उभा राहील, दुसरीचा, १,५०० रुपयांचा. बाकी तिघींच्या जागी शून्य.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. पुढचं कर्ज कुणाला द्यायचं हे त्या बैठकीत ठरतं. बँकेचे साहेब गटाच्या परतफेडीकडे बघूनच पुढची मर्यादा वाढवतात. चुकीच्या खांबामुळे एखादीचं नाव खराब झालं तर ते पुसायला वर्षं जातात.

स्वतःचं फंक्शन म्हणजे काय

शीटमध्ये बेरीज, सरासरी, सगळ्यात मोठा आकडा काढणं असली कामं करणारे तयार सूत्र असतात. त्यांना फंक्शन म्हणतात. 'सम' म्हटलं की बेरीज होते. पण 'थकबाकी' नावाचं, आपल्या हळदीचा ठराव माहीत असलेलं फंक्शन कुठल्याही कंपनीने बनवलेलं नाही. ते आपल्याला बनवावं लागतं, किंवा कुणाकडून बनवून घ्यावं लागतं. यालाच स्वतःचं फंक्शन किंवा कस्टम फंक्शन म्हणतात. मसाल्याच्या गिरणीवर आपण जसं सांगतो की आमच्या तिखटात धने इतके आणि खोबरं इतकं, तसंच हे. गिरणी त्यांची, प्रमाण आपलं.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आलेख स्वतः गणित करत नाही. तो फक्त घरांमध्ये जे आकडे दिसतात तेच काढतो. म्हणून आधी शीटमध्ये एक वेगळा रकाना करायचा, त्याचं नाव 'थकबाकी'. त्या रकान्यात आपलं फंक्शन आकडा काढणार. मग आलेखाला सांगायचं की सदस्यांच्या रकान्याबरोबर हा रकाना घे. फंक्शन, मग रकाना, मग आलेख. हा क्रम चुकला की सगळं अडतं.

आता आपल्या थकबाकीचा नियम साध्या मराठीत लिहू. चार ओळी होतात.

१. साधं कर्ज असेल तर ठरलेला हप्ता गुणिले झालेले महिने, एवढे पैसे यायला हवे होते. पण हा आकडा मूळ कर्जापेक्षा मोठा होता कामा नये.

२. हंगामी कर्ज असेल तर मुदत भरेपर्यंत यायला हवे होते शून्य. मुदत भरली की पूर्ण कर्ज.

३. यायला हवे होते वजा आलेले, म्हणजे थकबाकी.

४. उत्तर वजामध्ये आलं तर शून्य धरायचं.

पहिल्या ओळीतली अट कशासाठी? कर्ज बारा महिन्यांचं असेल आणि पंधरा महिने झाले, तर शीट बिनदिक्कत पंधरा हप्ते मागेल. चौथी ओळ कशासाठी? आपल्या चौथ्या ताईसाठी. तिचे १,५०० वजा २,००० म्हणजे वजा ५००. तो खांब शून्याच्या खाली उलटा लटकतो आणि बायांना वाटतं हिच्याकडे काहीतरी गडबड आहे.

चौथ्या ओळीचं आणखी एक कारण आहे. चौघींकडून मिळून आजवर यायला हवे होते ५,००० अधिक २,५०० अधिक शून्य अधिक १,५००, म्हणजे ९,०००. हातात आले ८,०००. म्हणजे परतफेड सुमारे ८९ टक्के झाली असं वाटतं. पण त्यात चौथीने आगाऊ दिलेले ५०० मिसळले आहेत. ते बाजूला काढले तर ठरलेल्या देण्यापैकी आले ७,५००, म्हणजे सुमारे ८३ टक्के. एकीच्या चांगुलपणाने दुसरीची थकबाकी झाकली जाऊ नये. गटाला खरं चित्र ८३ चंच दिसलं पाहिजे.

तीन वाटा

हा नियम शीटमध्ये घालायच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट साध्या सूत्राची. 'जर-तर'साठी 'इफ', लहान आकडा घेण्यासाठी 'मिन', मोठा घेण्यासाठी 'मॅक्स' ही तयार फंक्शनं आहेत. 'यायला हवे होते' हा एक रकाना आणि 'थकबाकी' हा दुसरा, असे दोन रकाने केले तर पायरीपायरीने सगळं दिसतं. कुणीही बोट ठेवून वाचू शकतं. एका गटापुरतं काम असेल तर हीच वाट सगळ्यात बरी.

दुसरी वाट नाव दिलेल्या फंक्शनची. गूगल शीट्समध्ये २०२२ सालापासून ही सोय आहे. संगणकावर 'डेटा' या मेनूत 'नेम्ड फंक्शन्स' असं मिळतं. तिथे आपला नियम एकदा लिहायचा, त्याला इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता एक नाव द्यायचं, की मग 'सम'सारखंच ते नाव वापरता येतं. एक्सेलच्या नव्या आवृत्तीत हेच काम 'लॅम्डा' करतं. ग्रामसंघातल्या दहा-बारा गटांना एकच नियम लावायचा असेल तर ही वाट चांगली. पण दोन गोष्टी सांभाळा. एक, या फंक्शनला आकडे ठरलेल्या क्रमाने द्यावे लागतात : आधी कर्ज, मग हप्ता, मग मुदत, मग झालेले महिने, असं. क्रम उलटा झाला तर ते ओरडत नाही, गुपचूप चुकीचं उत्तर देतं. दोन, एका फाइलमध्ये बनवलेलं फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये आपोआप येत नाही, ते तिथे आयात करावं लागतं. न करता वापरलं तर घरात हॅशचं चिन्ह आणि 'नेम' असा शब्द दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की हे नाव मी ओळखत नाही.

तिसरी वाट स्क्रिप्टची, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याची. गूगलमध्ये 'अॅप्स स्क्रिप्ट' आणि एक्सेलमध्ये 'मॅक्रो' म्हणतात ते हेच. यात पुष्कळ काही करता येतं. पण बिघडलं तर लिहिणाऱ्यालाच शोधत फिरावं लागतं. शिवाय काही स्क्रिप्ट चालताना आपल्या खात्याची परवानगी मागतात, ती काय मागते हे वाचल्याशिवाय 'अलाऊ' दाबायचं नाही. आपल्या थकबाकीसाठी ही वाट लागत नाही. कुणी पहिल्याच दिवशी तीच सुचवली तर विचारा, "दादा, साध्या सूत्राने होणार नाही का?"

आणि ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांच्यासाठी एक सोपी युक्ती. 'आर, ई, पी, टी' या चार अक्षरांचं एक तयार फंक्शन आहे. ते एकच चिन्ह सांगाल तितक्या वेळा लिहितं. दर १०० रुपयांना एक भरीव चौकोन असं सांगितलं की १,५०० थकबाकीसमोर पंधरा चौकोनांची पट्टी उमटते. झाला आलेख, त्याच घरात.

मदत मागायची कशी

मदत करणारे आपल्या आसपास आहेत. ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक, सेवा केंद्र चालवणारा मुलगा, एमएस-सीआयटीचा वर्ग घेणाऱ्या मॅडम, प्रभागसंघाची लेखापाल, बँक सखी, किंवा गटातल्याच एखादीची कॉलेजात जाणारी लेक. यातल्या कुणालाही शीट कळते. पण त्यांना आपला गट कळत नाही. तो आपण सांगायचा आहे.

म्हणून जायच्या आधी बैठकीत एक काम करा. मूठभर हळकुंडं घ्या. एक हळकुंड म्हणजे ५०० रुपये. जमिनीवर चौघींच्या नावाने ओळी मांडा. आधी बाकीची ओळ : चौदा, दहा, वीस, दोन. मग थकबाकीची : फक्त दुसरीसमोर तीन. ज्या ताईंना अक्षरओळख नाही त्यांनाही फरक तिथल्या तिथे दिसतो, आणि आपल्याला नेमका कोणता आलेख हवाय हे सगळ्यांचं मिळून ठरतं. हे ठरलं की अर्धं काम झालं.

मग पाच गोष्टी कागदावर घ्या. एक, आलेखाने कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, एका वाक्यात. दोन, वरच्यासारखा नियम, मराठीत. तीन, नमुन्याच्या चार-पाच ओळी, त्यात सगळ्या तऱ्हेची कर्जं यावीत. चार, त्या ओळींची हाताने काढलेली उत्तरं. पाच, आपण मोबाइल वापरतो की संगणक, गूगल शीट्स की एक्सेल.

व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवायचा तर असा पाठवता येईल :

"दादा, नमस्कार. आमच्या गटात प्रत्येकीची आजची थकबाकी किती, याचा उभा आलेख हवा आहे. बाकीचा नको. नियम चार ओळींत खाली लिहिला आहे. हंगामी कर्जाला हप्ता नसतो, हे मुद्दाम बघा. नमुन्याची चार कर्जं दिली आहेत, नावं दिलेली नाहीत. उत्तरं शून्य, १,५००, शून्य, शून्य अशी यायला पाहिजेत. आम्ही मोबाइलवर गूगल शीट्स वापरतो. शक्यतो साध्या सूत्राने करा आणि मला समोर बसवून समजावून सांगा. तुम्हाला वेळ कधी आहे?"

असा निरोप मिळालेल्या माणसाला काय करायचं हे विचारावं लागत नाही. आणि आपणही "काहीतरी करून द्या" म्हणून हात जोडणारे राहत नाही, काम सांगणारे होतो.

हल्ली फोनमधल्या एआय मदतनीसालाही मराठीत विचारता येतं. त्यालाही हाच निरोप द्या. पण तो चुकीचं उत्तरही मोठ्या ठामपणे देतो, म्हणून हाताने काढलेली उत्तरं जवळ असल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका.

काय द्यायचं नाही

मदत मागताना खरी फाइल देऊ नका. तिची प्रत काढा, त्यातून नावं, आधार क्रमांक, बँक खात्याचे क्रमांक काढून टाका, आणि ती प्रत द्या. नावाऐवजी सदस्य क्रमांक पुरतो. पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही नाही, घरच्या माणसालाही नाही. फाइल पाठवताना 'ज्याच्याकडे लिंक आहे तो बघेल' ही सोय बंद आहे ना, ते बघा. ज्याला फक्त बघायचं आहे त्याला 'व्ह्यूअर' ठेवा, 'एडिटर' नको.

आणि मूळ फाइल गटाच्या खात्यात असावी, मदत करणाऱ्याच्या नाही. तो मुलगा उद्या नोकरीसाठी पुण्याला गेला तर आपला हिशेब त्याच्याबरोबर जाऊ नये.

तपासायचं कसं

सूत्र मिळालं की लगेच वापरायला घेऊ नका. आधी चार नमुन्यांची उत्तरं जुळतात का बघा. मग मुद्दाम आडवे प्रश्न घाला. जिने काहीच भरलं नाही तिचं काय येतं? जिने सगळं फेडलं तिचं? मुदत संपून तीन महिने झाले तर? हळदवालीचे महिने नऊ टाका, उत्तर शून्य यावं. दहा टाका, उत्तर १०,००० यावं. एवढं जमलं तर सूत्र पास.

शेवटी वहीशी मेळ घाला. शीटमधली एकूण बाकी आणि कर्ज खतावणीतली एकूण बाकी एकच हवी. आपल्या नमुन्यात ती २३,००० आहे. एक रुपयाचाही फरक असेल तर आलेख भिंतीवर लावायचा नाही.

आकडे जुळत नसतील तर बहुतेक वेळा दोष सूत्रात नसतो, भरण्यात असतो. घरात '१२०० रु.' असं अक्षरासकट लिहिलं, किंवा आकडे मराठीत टाकले, तर शीट बहुतेक वेळा त्याला शब्द समजते आणि बेरजेत धरत नाही. ओळखायची खूण सोपी : आकडा घराच्या उजव्या कडेला चिकटतो, शब्द डाव्या. तारखेचंही तसंच. ५/६ म्हणजे आपल्याला ५ जून, पण शीटची मांडणी अमेरिकेची असेल तर ती ६ मे वाचते, आणि एका फटक्यात एक महिन्याची थकबाकी वाढते. फाइलच्या सेटिंगमध्ये देश भारत आहे का, ते एकदा बघून घ्या.

आलेखातही दोन फसव्या जागा आहेत. खांबांची पट्टी शून्यापासून सुरू व्हायला हवी. ९,५०० आणि १०,००० बचतीचे दोन खांब ९,००० पासून काढले तर दुसरा पहिल्याच्या दुप्पट दिसतो, फरक मात्र ५०० रुपयांचाच असतो. दुसरं, वर्षभराच्या बचतीची रेघ काढताना अजून न आलेल्या महिन्यांत सूत्र शून्य देतं, आणि डिसेंबरनंतर रेघ धाडकन जमिनीवर येते. बायांना वाटतं बचत बंद पडली. मदत करणाऱ्याला सांगा, महिना आला नसेल तर शून्याऐवजी 'एनए' हे फंक्शन वापरा, म्हणजे त्या जागी काही काढलं जात नाही.

व्याजाचं एक फंक्शन

थकबाकी जमली की दुसरं फंक्शन व्याजाचं करा. १२,००० रुपये, दरमहा शेकडा २, बारा हप्ते. गटात आपण उरलेल्या मुद्दलावर व्याज घेतो. पहिल्या महिन्यात २४०, मग २२०, असं उतरत शेवटी २०. एकूण व्याज १,५६०. हेच कुणी शेवटपर्यंत पूर्ण १२,००० वर लावलं तर दरमहा २४० प्रमाणे २,८८० होतात. दर दोन्हीकडे 'शेकडा दोन' असाच सांगितला जातो, फरक मात्र १,३२० रुपयांचा. दोन रेघांचा आलेख काढला की एक उतरताना दिसते आणि एक सपाट. दारावर कर्ज घेऊन येणाऱ्यांशी बोलण्याआधी हा आलेख प्रत्येकीने एकदा बघावा. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संस्थेने व्याज आणि खर्चाची माहिती देणारं साधं पत्रक कर्जदाराला द्यायचं असतं. ते मागायला संकोच करू नका.

खांब कारण सांगत नाही

शेवटचं आणि महत्त्वाचं. दुसऱ्या ताईचा १,५०० चा खांब आपल्याला किती ते सांगतो. का ते सांगत नाही. घरात आजारपण आलं का, सोयाबीन पाण्यात गेलं का, मजुरी अडकली का, हे तिला विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून हा आलेख बैठकीत दाखवायचा, सदस्य क्रमांकाने दाखवायचा, आणि दाखवल्यावर तिला बोलायला वेळ द्यायचा. गावच्या चावडीवर लावायचा नाही. हप्ता कमी करून मुदत वाढवायची असं गटाने ठरवलं तर तसा ठराव इतिवृत्तात लिहायचा आणि शीटमध्ये हप्ता बदलायचा. नियम आपला आहे, तो बदलायचा अधिकारही बैठकीचाच आहे.

फाइलमध्ये 'माहिती' नावाचं एक पान ठेवा. त्यावर नियमाच्या चार ओळी, सूत्र कुणी करून दिलं, कोणत्या तारखेला, आणि शेवटचा बदल काय, हे लिहा. गटातल्या किमान दोघींना ते वाचता आलं पाहिजे.

पुढच्या बैठकीला एवढंच करा : हळकुंडं मांडा, बाकी आणि थकबाकी वेगळी करा, आणि आपल्या गटाचा नियम चार ओळींत लिहून काढा. तुमच्या चार ओळी माझ्यापेक्षा वेगळ्या असतील, कारण कुणाच्या गटात दूध आहे, कुणाच्या शेळ्या. त्या लिहून झाल्या की मग फोन हातात घ्या.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.